लाळेच्या अहवालावरून चढाईपटूचा खेळ बदलायचा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर लगेच दिसेल. मुलगा सोळा वर्षांचा, मालवणकडचा, शाळेच्या आणि गावच्या संघातून चढाईला जातो. एका शिबिरात त्याची लाळ घेऊन जनुक-चाचणी केली. अहवालात 'एसीटीएन-३ : एक्स-एक्स' असं आलं आणि त्याखाली छापलं होतं की याचे स्नायू 'स्लो फायबर'चे, म्हणजे मंद तंतूंचे आहेत, लांब पल्ल्याचे खेळ निवडा. प्रशिक्षक म्हणाले, कबड्डी सोड, पाच-दहा किलोमीटर धावायला लाग. पोरगा आठ दिवस मैदानाकडे फिरकलेला नाही. आणि तुम्ही विचारताय की हे तंतू बदलता येतात का, त्यासाठी कुठलं प्रोटीन सुरू करावं, आणि धाकटीचीही चाचणी करून घ्यावी का.

मी रत्नागिरीत तेवीस वर्षं फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी कबड्डी-खोखोची पोरं, उरलेले खलाशी, आंब्याच्या बागेत राबणारे आणि माडावरून पडलेले पाडेली. जनुकांचं शास्त्र हा माझा प्रांत नव्हे, पण असे अहवाल हातात घेऊन येणारे आईबाप हल्ली वरचेवर भेटतात, म्हणून त्यामागचं वाचावं लागलं. माझं मत आधीच सांगून टाकते: खेळ सोडायला लावू नका. अहवालाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे जनुकाचं नाव आणि प्रकार, बहुधा खरा असेल. खालचा अर्धा त्यातून निघत नाही. हा सांधा कुठे निखळला आहे तेच सविस्तर सांगते.

तंतूंचे प्रकार समजायला प्रयोगशाळेत जायला नको, आपल्या विळीवर समजतात. बांगडा कापताना कातडीखाली बाजूने जाणारी गडद तांबूस पट्टी दिसते ना, ती मंद तंतूंची. बाकीचं फिकट मांस जलद तंतूंचं. बांगडा नुसता पोहत असतो तेव्हा ती तांबडी पट्टीच काम करते, दिवसभर, न थकता. मागे मोठा मासा लागला की फिकट भाग पेटतो आणि थोड्याच वेळात दमतो. कुपा (ट्यूना) जन्मभर पोहतच असतो, म्हणून त्याचं मांस एवढं लाल. पापलेटाला तसली धाव नाही, म्हणून ते पांढरंशुभ्र. लाल रंग मायोग्लोबिनचा, जे प्रोटीन प्राणवायू धरून ठेवतं. गावठी कोंबडीची तंगडी काळपट आणि छाती पांढरी असते त्याचंही कारण हेच.

माणसात मात्र असे वेगळे पट्टे नसतात. प्रत्येक स्नायूत दोन्ही प्रकारचे तंतू तीळतांदळासारखे मिसळलेले. पोटरीतला आतला स्नायू, जो आपल्याला तासन्‌तास उभं ठेवतो, त्यात साधारण ८० टक्के मंद तंतू. मांडीच्या बाहेरच्या स्नायूत बहुतेकांचे अर्धेअर्धे, पण माणसागणिक फरक पुष्कळ. त्यामुळे 'याचे स्नायू स्लो' हे वाक्यच मला खटकतं. कुठला स्नायू?

आता तंतू जलद की मंद हे ठरतं कशावरून? मुख्यतः मायोसिन नावाच्या प्रोटीनवरून. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना तुम्ही पाहिलीच असेल. दोराला माणसं लागतात, पकडतात, ओढतात, सोडतात, पुढची पकड घेतात. स्नायूत दोर म्हणजे ॲक्टिन आणि ओढणारे हात म्हणजे मायोसिन. प्रत्येक पकडीला एटीपी नावाचं इंधन खर्च होतं. काही मायोसिन ते झटपट तोडतात, म्हणून त्यांची पकड-सोड भराभर होते. काही सावकाश तोडतात, त्यांना इंधन कमी लागतं आणि ते टिकतात. मायोसिनची ही तोडण्याची चपळाई आणि स्नायूचा वेग बरोबरीने चालतात हे १९६७ मध्ये दाखवलं गेलं. माणसाच्या हातापायांत या मायोसिनचे मुख्य प्रकार तीन: एक, दोन-ए आणि दोन-एक्स. पहिला मंद, दोन-ए जलद असूनही बऱ्यापैकी टिकाऊ, दोन-एक्स सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत लवकर थकणारा. इंटरनेटवर 'दोन-बी'ही वाचाल. तो उंदरांच्या पायात असतो. आपल्यात त्याचं जनुक आहे, पण हातापायांच्या स्नायूंत ते प्रोटीन बनत नाही. जुन्या रंगवण्याच्या पद्धतीत माणसाचा दोन-एक्स चुकून दोन-बी म्हणून मोजला गेला आणि ते नाव पुस्तकांतून अजून जात नाही. शिवाय एकाच तंतूत दोन प्रकारचे मायोसिन शेजारी शेजारी नांदतात, असे मिश्र तंतूही भरपूर सापडतात.

आणि आता तुमच्या अहवालातलं जनुक. ते मायोसिनचं नाहीच. एसीटीएन-३ मधून बनतं अल्फा-ॲक्टिनिन-३. दोराची उपमा पुढे चालवायची तर हे प्रोटीन म्हणजे दोर ज्या खुंट्याला बांधलाय तिथली गाठ. ही गाठ फक्त जलद तंतूंत असते. जनुकाच्या एका जागी, जिथे प्रोटीनच्या माळेतला ५७७ वा मणी (अमिनो आम्ल) ठरतो तिथे, काहींमध्ये 'इथे थांबा' अशी खूण आलेली असते, तिला एक्स म्हणतात (वरच्या दोन-एक्स मायोसिनशी याचा संबंध नाही). आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही एक्स मिळाले की हे प्रोटीन अजिबात बनत नाही. (म्हणजे तुमच्या दोघांकडेही किमान एकेक एक्स आहे. घरात कुणाकडून आलं यावर वाद नको.) पण अशा माणसाचे जलद तंतू नाहीसे होतात का? नाही. ते तिथेच असतात, त्यांचं मायोसिनही जलदच असतं. गाठ मारायला अल्फा-ॲक्टिनिन-२ हे भावंड पुढे येतं. हा आजार नव्हे. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १८ टक्के माणसं अशी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर पत्ता नसतो.

मग फरक काहीच पडत नाही? पडतो, आणि तो लपवणार नाही. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये निवडक खेळाडू तपासले, तेव्हा ऑलिंपिक पातळीच्या वेगवान धावपटूंत एक्स-एक्स एकही निघाला नाही. उंदरांत हे जनुक बंद केल्यावर त्यांचे जलद तंतू थोडे टिकाऊपणाकडे झुकले आणि ताकद जराशी उतरली. म्हणजे शर्यत जगातल्या पहिल्या आठांची असेल तर ही गाठ मोजली जाते. पण स्पेनचा एक लांब उडीपटू एक्स-एक्स असून ऑलिंपिकला जाऊन आला, हेही नोंदलेलं आहे. एकूण धावण्याच्या वेळांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एखाद टक्का या एका जनुकाच्या खात्यावर जातो. उरलेला वाटा इतर शेकडो जनुकांचा, शरीराच्या ठेवणीचा, सरावाचा, झोपेचा, जेवणाचा. तालुक्याच्या कबड्डीत हा एक टक्का धुळीत मिसळून जातो.

एक गंमत जाता जाता. एक्स-एक्स माणसं थंड पाण्यात शरीराची ऊब जास्त चांगली राखतात असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. १४ अंशांच्या पाण्यात तरुणांना बसवून पाहिलं होतं. मालवणच्या समुद्रात या देणगीचा उपयोग शून्य, पण पोराला सांगा, हसेल तरी.

तंतू बदलता येतात का, हा तुमचा खरा प्रश्न. याचं उत्तर मला फार आवडतं, कारण तंतूला आपण कोण हे बरंचसं त्याची नस सांगते. १९६० मध्ये मज्जाशास्त्रज्ञ जॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पायातल्या दोन स्नायूंच्या नसा आलटून पालटून जोडल्या. मंद स्नायूला जलद स्नायूची नस मिळाली, तसा तो वेगवान झाला, आणि जलद स्नायू मंदावला. पुढे १९६९ मध्ये सशांच्या जलद स्नायूला मंद नसेसारखे विजेचे हलके ठोके आठवडेच्या आठवडे दिले, तर तोही मंद होत गेला. आतमध्ये घडतं असं: ठोके सावकाश पण सतत येत राहिले की तंतूत कॅल्शियम थोडं थोडं टिकून राहतं. त्याने कॅल्सिन्यूरिन नावाचं प्रोटीन जागं होतं, ते एनफॅट नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला पेशीच्या केंद्रकात धाडतं, आणि तिथे मंद तंतूंची जनुकं उघडतात. दमश्वासाच्या व्यायामाने वाढणारं पीजीसी-१-अल्फा हे आणखी एक प्रोटीन. ते इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढवतं. २००२ मध्ये उंदरांच्या जलद स्नायूंत ते मुद्दाम वाढवलं तर फिकट मांस लालसर झालं. बांगड्याची पट्टीच म्हणा ना.

हे प्राण्यांचं. माणसाला कुणी चोवीस तास ठोके देत नाही, म्हणून आपल्यात बदल होतात पण मर्यादेत. सगळ्यांत सहज होणारा बदल दोन-एक्स आणि दोन-ए यांच्यातला. कुठलाही कसून केलेला सराव दोन-एक्सला दोन-ए कडे नेतो. डेन्मार्कच्या एका प्रयोगात तीन महिने वजनं उचलल्यावर दोन-एक्स ९ टक्क्यांवरून २ वर आले, आणि नंतर तीन महिने सराव सोडल्यावर १७ वर गेले, म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त. यावरून कुणी म्हणेल, मग पोराला झोपूनच ठेवू. तसं नाही, कारण त्या सुटीत स्नायूंचं आकारमान उतरतं आणि दमही जातो. मंद आणि जलद यांच्यामधली भिंत ओलांडणं मात्र काही महिन्यांचं काम नव्हे. एकसारख्या जुळ्या भावांची एक जोडी तपासली होती. वय ५२, एकाने तीस वर्षं धावणं-पोहणं केलेलं, दुसऱ्याने नाही. व्यायाम करणाऱ्यात मंद तंतू कितीतरी जास्त निघाले. जोडी एकच, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. पण रक्त एक आणि तंतू वेगळे, हे त्यात लख्ख दिसतं.

म्हणजे आत्तापर्यंतचं थोडक्यात: चाचणीने तंतू मोजलेले नाहीत, एक प्रोटीन बनत नाही एवढंच सांगितलंय, तंतू खरंच मोजायचे तर मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो, आणि सोळा वर्षांच्या पोराला खेळ निवडण्यासाठी तसली सुई टोचू नये.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करते. या धंद्यात नवी होते तेव्हा तंतूंचं ज्ञान डोक्यात ताजं होतं. एका खारव्याच्या मुलाची उडी पाहिली, कमी वाटली, आणि मी ऐटीत सांगून टाकलं, 'तू मंद तंतूंचा, लांब धाव.' तो तेव्हा चौदाचा होता, अंगात वाढ भरायची होती. दोन वर्षांनी तोच मुलगा गावच्या स्पर्धेत डाव्या कोपऱ्यावर भल्याभल्यांचे घोटे धरत होता, माझं न ऐकल्यामुळे. तेव्हापासून एका दिवसाच्या मोजणीवरून मी कुणाला काही ठरवून देत नाही.

आता कबड्डीकडे. चढाई तीस सेकंदांची, त्यात खरा स्फोट दोन-चार सेकंदांचा: बोनसचा पाय, हाताचा स्पर्श, पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेप. मग थोडी उसंत, मग बचाव, पुन्हा चढाई. असं वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. हा शंभर मीटरचा खेळ नव्हे, की दहा किलोमीटरचाही नव्हे. याला हवा तो दोन-ए, आणि तोच सरावाने सगळ्यांत जास्त घडवता येतो. तुमच्या मुलाचे जलद तंतू जरा टिकाऊपणाकडे झुकलेले असतील तर शेवटच्या पाच मिनिटांत ते त्याच्या कामीच येतील.

प्रशिक्षकांशी माझं भांडण वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि ते तुमच्याच नव्हे, आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेकांशी. पहाटे पोरांना किनाऱ्यावर नेऊन पाच किलोमीटर पळवतात. शरीर काटकसरी आहे. कामाला आधी लहान, मंद तंतूंच्या तुकड्या लावतं, आणि जोर किंवा वेग खरोखर लागला तरच मोठ्या, जलद तुकड्यांना हाक मारतं. सावकाश पाच किलोमीटरमध्ये ती हाक बहुतेक जातच नाही. मग वर्षभराने म्हणायचं, पोरगं मंद आहे. जलद तंतूंना काम हवं तर ते जीव तोडून पण थोडंच द्यायचं. दहा ते वीस मीटरच्या धावा, सहा-आठच, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं पूर्ण विसावा. पोरांना हा विसावा आळस वाटतो, प्रशिक्षकांना त्याहून जास्त. पण दमलेल्या अंगाने काढलेली धाव वेगाची राहत नाही, दमाची होते. आठवड्यातून दोनदा एवढं, दोनदा उठाबशा आणि वजनाचं काम, आधी आकार नीट बसवून मग हळूहळू भार. थोड्या उड्या. उरलेला वेळ मैदानावर कबड्डी. दमासाठी लांब धाव आठवड्यातून एकदा पुरे.

जागेचं सांगते, कारण गुडघे मलाच बघावे लागतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत वेगाच्या धावा नकोत. पाय रुततो, जमिनीवर जास्त वेळ राहतो, आणि टाचेच्या शिरेतली स्प्रिंग वायाच जाते. ताकदीला ती वाळू ठीक. वेगासाठी ओहोटीची वेळ साधून ओल्या घट्ट वाळूवर जा. तिथेही किनारा पाण्याकडे उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जाताना जितक्या धावा तितक्याच परतीच्या दिशेने काढायच्या. मी पाहिलेली पोरांची कमरेची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची दुखणी अर्धी या एका कारणाची.

प्रोटीनचा डबा. इथे एका शब्दाने घोटाळा केलाय. तंतू घडवणारी प्रोटीनं, ज्यांच्याबद्दल एवढं लिहिलं, ती डब्यातून आत जात नाहीत. तुम्ही काहीही खा, पोटात त्याचे अमिनो आम्लांचे मणी सुटे होतात, आणि कुठली माळ ओवायची हे त्या तंतूचं केंद्रक ठरवतं. अल्फा-ॲक्टिनिन-३ ज्याचं बनत नाही त्याला ते खाऊन मिळणार नाही. एकूण प्रोटीन मात्र पुरेसं लागतं. कसून खेळणाऱ्याला वजनाच्या किलोमागे साधारण दीड ग्रॅम धरा. मुलगा ६० किलोचा असेल तर दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम माशात २० ग्रॅमच्या जवळपास असतं, तेवढ्याच कोरड्या कुळथात थोडं जास्तच, एका अंड्यात सहा. कुळथाची पिठी, मासे, अंडी, डाळ, दूध एवढ्यात हिशोब बसतो, फक्त सकाळी नुसत्या चहा-बटरवर मैदानात पाठवू नका. मासे न खाण्याच्या श्रावणात हिशोब जरा कसोशीने करावा लागतो, एवढंच. आणि 'मायोस्टॅटिन रोखणारी' म्हणून काही गोळ्या-भुकट्या विकतात, त्यांना घरात जागा देऊ नका. मायोस्टॅटिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रोटीन आहे, १९९७ मध्ये ते सापडलं. बेल्जियमच्या एका गोवंशात ते निकामी असल्यामुळे ती जनावरं पैलवानासारखी दिसतात. पण ते जन्मजात आहे, चमच्याने येणारं नव्हे.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. मुलाची उंची गेल्या वर्षात झपाट्याने वाढली का? तसं असेल तर काही महिने पाय जड आणि अवघड वाटतात, वेगही उतरतो, आणि ते आपोआप मार्गी लागतं. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दाबून दुखतं का? दुखत असेल तर उड्या आत्ता नकोत. लवकर धाप लागत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. त्या चाचणीने जनुकापेक्षा कितीतरी जास्त समजेल. आणि जोराच्या सरावानंतर लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली, किंवा स्नायू वरचेवर घट्ट आवळून येत असतील, तर थांबून न राहता डॉक्टरांकडे जा. ते नुसत्या एक्स-एक्सवर ढकलू नका, त्याचं कारण वेगळं असू शकतं आणि ते शोधावं लागतं.

धाकटीची चाचणी करू नका. निकाल काहीही आला तरी तिचा सराव त्याने एका तासानेही बदलणार नाही. त्या पैशात तिला चांगले बूट येतील.

मुलाला मैदानावर कसं परत न्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सगळ्यांत अवघड वाटतं. त्याला माझं हे सगळं वाचून दाखवू नका, कंटाळेल. त्याला भिंतीला कूस लावून उभं करा, हात ताणून बोट पोचेल तिथे खडूची खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर आणि शेजारी तारीख. वीस मीटर धावायला लागणारा वेळ मोबाईलवर मोजून तोही शेजारी लिहा. वर सांगितलेला सराव बारा आठवडे, आणि दर चार आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच बुटांत तीच मोजणी. बारा आठवड्यांनी आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू. भिंत पडवीतली निवडा. बाहेरच्या भिंतीवरचा खडू पहिल्याच पावसात धुऊन जाईल.